पर्सी घराणे : नाव कोणाचे, रक्त कोणाचे, सनद कोणाची?

पहिल्या ‘हॅरी पॉटर’ चित्रपटात मुले झाडूवर बसून उडण्याचा पहिला धडा गिरवतात, तो प्रसंग आठवतो ना? तटबंदीच्या आतली ती हिरवळ खरी आहे. इंग्लंडच्या उत्तरेस, स्कॉटलंडच्या सीमेलगत नॉर्थम्बरलँड नावाचा परगणा आहे. तेथील अ‍ॅनिक किल्ल्यात ती आहे. (इंग्रजीत लिहिताना या नावात ‘एल’ आणि ‘डब्ल्यू’ घालावे लागतात; बोलताना दोन्ही गडप होतात.) आणि लंडनच्या टॉटनम हॉटस्पर या फुटबॉल संघाच्या नावातला ‘हॉटस्पर’ म्हणजे याच किल्ल्याच्या धन्याचा थोरला मुलगा. तो १४०३ मध्ये रणांगणावर पडला.

हा किल्ला पर्सी घराण्याने १३०९ मध्ये विकत घेतला. मधले जप्तीचे काळ वगळले, तर तो आजही नॉर्थम्बरलँडच्या ड्यूककडे आहे आणि त्या ड्यूकचे आडनावही पर्सीच आहे. वरवर पाहता सात शतकांची अखंड परंपरा. वंशावळ उघडून बसले, की मात्र चित्र बदलते. या घराण्याची पुरुषशाखा बाराव्या शतकात एकदा संपली आणि १६७० मध्ये पुन्हा संपली. बापाकडून बापाकडे मागे जात राहिले, तर आजचे ड्यूक पर्सी ठरत नाहीत. ते स्मिथसन ठरतात. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये टोप्या, फिती, बटणे असला माल विकून श्रीमंत झालेल्या एका व्यापाऱ्याचे ते वंशज आहेत.

मग टिकले ते काय? इंग्लंडच्या उमराव घराण्यांत नाव, जमीन आणि किताब या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या वाटांनी वारशात जातात. कधी त्या एकाच माणसाकडे येऊन पोहोचतात, कधी तिघींची तोंडे तीन दिशांना असतात. पर्सींचा इतिहास हा त्या तीन वाटा पुन्हा पुन्हा एकत्र बांधण्याच्या खटाटोपाचा इतिहास आहे. या खटाटोपात काही माणसे आत घेतली गेली, काही बाहेर राहिली. मला स्वतःला बाहेर राहिलेल्यांची गोष्ट अधिक मोलाची वाटते. तिच्यापर्यंत पोहोचायला थोडा धीर धरावा लागेल.

आरंभ विल्यम द पर्सी याच्यापासून होतो. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर हा सरदार तेथे आला आणि यॉर्कशरमध्ये त्याला मोठी जहागीर मिळाली. नॉर्मन सरदार सहसा चेहरा गुळगुळीत ठेवीत. हा मिश्या राखी. म्हणून त्याला ‘मिशाळ’ अशा अर्थाचे फ्रेंच टोपणनाव पडले. त्यातूनच ‘अ‍ॅल्जरनॉन’ हे नाव आले, असे मानतात. ते पुढे शतकानुशतके या घराण्यातल्या मुलांना ठेवले गेले. विल्यम पहिल्या धर्मयुद्धात गेला आणि परतला नाही.

त्याच्या नातवापाशी पुरुषशाखा खुंटली. मागे मुली उरल्या. त्यांतल्या अ‍ॅग्नेसचे लग्न जॉसेलिन ऑफ लूव्हेन याच्याशी झाले. तो राजा पहिला हेन्री याच्या विधवा राणीचा सावत्र भाऊ. नात्याने मोठा माणूस, पण त्याच्या मुलांनी आडनाव लावले ते आईचे, पर्सी. का, याचा तर्क करणे अवघड नाही. यॉर्कशरची जमीन आईकडून येणार होती आणि जमिनीला जे नाव चिकटले होते, ते सोडणे परवडणारे नव्हते. यावर पुढे एक छान दंतकथा रचली गेली. अ‍ॅग्नेसने म्हणे नवऱ्याला अट घातली की माझे नाव घे, नाहीतर माझ्या घराण्याचे चिन्ह घे; त्याने नाव घेतले आणि ढालीवर आपला निळा सिंह कायम ठेवला. कथा गोड आहे, पण सिंह पर्सींच्या ढालीवर येतो तो तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे जॉसेलिन जाऊन शंभर वर्षे उलटल्यावर. वंशावळीतल्या गोड कथांकडे नेहमी अशा संशयानेच पाहावे.

येथे थोडा कायदा समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. इंग्रज उमरावांच्या पाच पायऱ्या आहेत : बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस आणि सर्वांत वर ड्यूक. किताब मिळण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली म्हणजे राजाचे बोलावणे. राजाने एखाद्याला नावानिशी पार्लमेंटला बोलावले आणि तो जाऊन बसला, की त्यातून वंशपरंपरागत बॅरनपद निर्माण झाले, असा अर्थ पुढच्या काळातल्या कायदेपंडितांनी लावला. असे पद मुलगा नसल्यास मुलीकडे जाऊ शकते. दुसरी वाट म्हणजे सनद. सनदेत जे लिहिले असेल तेच खरे. सहसा लिहिलेले असते ‘औरस पुरुष वंशज’. ते संपले की किताब संपला, घरात मुली कितीही असोत.

आणखी एक गोष्ट. कायद्याच्या नजरेत घराण्यात एका वेळी एकच उमराव असतो, ज्याच्याकडे किताब आहे तो. त्याचे धाकटे भाऊ आणि मुले ही कायद्याने सामान्य प्रजाच. मुलांना ‘लॉर्ड’ म्हणतात, तो केवळ शिष्टाचार.

पर्सींना बोलावण्याची बॅरनी १२९९ मध्ये मिळाली. दहा वर्षांनी पहिल्या बॅरनने, हेन्री पर्सीने, डरहमचा बिशप अँटनी बेक याच्याकडून अ‍ॅनिक घेतले आणि यॉर्कशरचे हे घराणे स्कॉटलंडच्या सीमेवर जाऊन बसले. सीमा राखायला राजाला त्यांची गरज होती आणि त्या गरजेतून त्यांचे बळ वाढत गेले. १३७७ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या राज्याभिषेकाच्या दिवशी चौथा बॅरन हेन्री पर्सी हा अर्ल ऑफ नॉर्थम्बरलँड झाला.

बावीस वर्षांनी, १३९९ मध्ये, याच अर्लने त्याच रिचर्डला गादीवरून उतरवायला हात दिला आणि चौथा हेन्री राजा झाला. राजा घडवणाऱ्याला राजा नेहमीच आपला ऋणाईत वाटतो. सीमेवरच्या लढायांचा खर्च थकला. १४०२ मध्ये होमिल्डन हिलच्या लढाईत पकडलेले स्कॉट सरदार खंडणी घेऊन सोडायला राजाने मनाई केली. हॉटस्परचा मेहुणा एडमंड मॉर्टिमर वेल्समध्ये कैदेत होता. त्याला सोडवायलाही राजा तयार होईना. २१ जुलै १४०३ रोजी श्रूजबरीच्या लढाईत हॉटस्पर मारला गेला. तो जिवंत असल्याची अफवा उठू नये म्हणून राजाने पुरलेला मृतदेह उकरून काढला, लोकांना दाखवला आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या शहरांत धाडले. शेक्सपिअरच्या नाटकात हॉटस्पर आणि युवराज हे समवयस्क दाखवले आहेत, त्यावर जाऊ नका. खरा हॉटस्पर युवराजाच्या बापापेक्षाही वयाने मोठा होता. म्हातारा अर्ल पाच वर्षांनी ब्रॅमहॅम मूरच्या लढाईत पडला. किताब आणि जमीन, दोन्ही जप्त.

हॉटस्परचा मुलगा तोवर स्कॉटलंडमध्ये वाढत होता. पाचव्या हेन्रीने १४१६ मध्ये त्याला अर्लपद परत दिले. तो १४५५ मध्ये सेंट अल्बन्सला लढताना मेला. त्याचा मुलगा, तिसरा अर्ल, १४६१ मध्ये टाउटनला मेला. पुन्हा जप्ती. चौथा एडवर्ड याने नॉर्थम्बरलँडचे अर्लपद जॉन नेव्हिल या आपल्या माणसाला दिले आणि १४७० मध्ये ते काढून पर्सींना परत केले. बदल्यात नेव्हिलला मार्क्वेस केले. म्हणजे पायरी वर गेली, पण ती पोसायची जमीन गेली. पोकळ बढतीने दुखावलेला नेव्हिल त्याच वर्षी राजावर उलटला आणि पुढच्या वर्षी बार्नेटच्या रणात संपला. किताब आणि जमीन यांची फारकत झाली की काय होते, याचे याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही.

चौथ्या अर्लला १४८९ मध्ये करवसुलीने चिडलेल्या यॉर्कशरच्या जमावाने ठार केले. पाचवा अंथरुणात मेला; या घराण्यात ही बातमी ठरावी. सहाव्याने तरुणपणी अ‍ॅन बुलिनवर प्रेम केले होते. ते जुळू दिले गेले नाही. पुढे ती राणी झाली आणि १५३६ मध्ये तिच्यावर खटला भरला, तेव्हा निवाडा देणाऱ्या उमरावांत त्यालाही बसावे लागले. त्याला मूल नव्हते. १५३७ च्या जूनमध्ये त्याचा भाऊ सर थॉमस याला उत्तरेतल्या बंडाबद्दल फाशी झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो स्वतः गेला. जमीन त्याने राजाच्या नावे करून ठेवली होती.

सर थॉमसला मुलगे होते. पण राजद्रोहाच्या शिक्षेत इंग्लंडच्या कायद्याची एक भयंकर कल्पना अंतर्भूत होती : दोषी माणसाचे ‘रक्त भ्रष्ट’ होते. त्याच्यातून कोणताही वारसा पुढे वाहू शकत नाही. मुले औरस असली तरी त्यांचे हक्क बापाच्या नावापाशी येऊन थांबतात. रक्त म्हणजे निसर्गाची गोष्ट, असे आपण समजतो. येथे ते न्यायालयाच्या हुकमाने शुद्ध वा अशुद्ध होत होते.

ते शुद्ध करायलाही कागद पुरतो. मेरी राणीने १५५७ मध्ये नवी सनद देऊन थोरल्या मुलाला, थॉमसला, अर्ल केले. या सनदेत एक शहाणपणाचे कलम होते : थॉमसची पुरुषशाखा नसल्यास पद त्याचा भाऊ हेन्री याच्या शाखेकडे जावे. थॉमसने १५६९ मध्ये एलिझाबेथ राणीविरुद्ध बंड केले आणि १५७२ मध्ये यॉर्कला त्याचा शिरच्छेद झाला. (कॅथलिक चर्चने १८९५ मध्ये त्याला धन्य पुरुषांत गणले.) पण त्या कलमामुळे पद हेन्रीकडे गेले. हा आठवा अर्ल १५८५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना छातीत गोळी लागून मेलेला सापडला. आत्महत्या, असे सरकारने जाहीर केले. नववा १६०५ च्या दारूकटानंतर त्याच टॉवरमध्ये गेला, कारण कटातला एक पर्सी त्याचा नातलग आणि नोकर होता. तेथे तो १६२१ पर्यंत पुस्तके आणि रसायनांचे प्रयोग यांत रमला. लोक त्याला ‘जादूगार अर्ल’ म्हणत.

अखेर अकरावा अर्ल जॉसेलिन १६७० मध्ये तूरिन येथे पंचविशीत वारला. मागे एकच मूल जिवंत होते, तीन वर्षांची एलिझाबेथ. सनदेत ‘पुरुष वंशज’ लिहिलेले, म्हणून अर्लपद संपले. जमीन मात्र सगळी या मुलीची. अ‍ॅनिक, पेटवर्थ, सायन हाऊस, लंडनचे नॉर्थम्बरलँड हाऊस अशी देशातली एक फार मोठी मालमत्ता एका लहान मुलीच्या नावावर आली.

मग तिच्याभोवती जे घडले, ते वाचताना अजून अंगावर काटा येतो. बाराव्या वर्षी तिचे लग्न लॉर्ड ओगल याच्याशी लावले. त्याने पर्सी नाव घेतले आणि पुढच्या वर्षी तो वारला. १६८१ मध्ये थॉमस थिन या धनाढ्य जमीनदाराशी दुसरे लग्न लावले. ती लगेच पळून हॉलंडला गेली. १२ फेब्रुवारी १६८२ रोजी लंडनमध्ये भर रस्त्यात थिनच्या गाडीवर गोळीबार झाला. तिच्याशी लग्नाची आस धरलेल्या काउंट क्यॉनिग्समार्कची ही माणसे होती. तिघे फासावर गेले, काउंट सुटला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत थिनच्या थडग्यावर तो खुनाचा प्रसंग दगडात कोरलेला आहे. त्याच वर्षी मे महिन्यात एलिझाबेथचे तिसरे लग्न झाले, ड्यूक ऑफ सॉमरसेट चार्ल्स सीमोर याच्याशी. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. याही नवऱ्याने पर्सी नाव घ्यावे, असे करारात होते. ती सज्ञान झाल्यावर तिने त्याला त्या अटीतून मोकळे केले. तीन लग्नांच्या या व्यवहारात तिचे स्वतःचे मत म्हणून नोंदवता येतील अशा गोष्टी दोनच : हॉलंडला पळणे आणि ही माफी.

इकडे डब्लिनमध्ये जेम्स पर्सी नावाचा एक पेटारे बनवणारा कारागीर उठला आणि म्हणाला, पुरुषशाखा संपलेली नाही, अर्लपद माझे आहे. जवळजवळ वीस वर्षे तो न्यायालये आणि हाऊस ऑफ लॉर्ड्स यांचे उंबरठे झिजवत राहिला. वंशावळीतला एक दुवा जुळेना, की तो दुसरा पुढे करी. त्याचा दावा बहुधा खोटाच होता. पण त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता, असे त्याची चिकाटी पाहून वाटते. १६८९ मध्ये लॉर्ड्सनी शिक्षा फर्मावली : अर्लपदाचा खोटा आणि उर्मट दावेदार, अशा अर्थाचा कागद छातीवर लावून त्याने वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये न्यायालयांसमोरून फिरावे.

याच वर्षांत नॉर्थम्बरलँडचा किताब रिकामा पडून होता असे मात्र नाही. दुसऱ्या चार्ल्सने १६७४ मध्ये आपला अनौरस मुलगा जॉर्ज फिट्झरॉय याला अर्ल ऑफ नॉर्थम्बरलँड आणि नंतर ड्यूक केले होते. पर्सी रक्ताशी त्याचा वारसाचा संबंध नव्हता आणि त्याने तो सांगितलाही नाही. सनद हाती असताना सांगण्याची गरजच काय? पेटारेवाल्याकडे फक्त आडनाव होते. फिट्झरॉय १७१६ मध्ये निपुत्रिक वारला आणि ते ड्यूकपदही बुडाले.

एलिझाबेथ १७२२ मध्ये गेली, तेव्हा एक सरकारी घोटाळा झाला. १२९९ ची जुनी बॅरनी तिच्याकडे आली होती, अशा समजुतीने तिचा मुलगा अ‍ॅल्जरनॉन सीमोर याला बॅरन पर्सी म्हणून लॉर्ड्समध्ये बोलावले गेले. समजूत चुकीची होती. पण बोलावणे गेले आणि तो जाऊन बसला! नियमाप्रमाणे यातून १७२२ ची एक नवी कोरी बॅरनी जन्माला आली, तीही मुलीकडे जाऊ शकणारी. इंग्लंडच्या उमरावशाहीत कारकुनी चुकाही वंशपरंपरागत होतात, त्या अशा.

अ‍ॅल्जरनॉनचा एकुलता मुलगा १७४४ मध्ये युरोपच्या प्रवासात बोलोन्या येथे वारला. उरली मुलगी, पुन्हा एक एलिझाबेथ. तिने चार वर्षांपूर्वीच यॉर्कशरच्या सर ह्यू स्मिथसनशी लग्न केले होते. आजोबा, म्हणजे तो सॉमरसेटचा ड्यूक, ‘गर्विष्ठ ड्यूक’ म्हणूनच प्रसिद्ध होता. पर्सींची दौलत टोपीवाल्याच्या वंशात जाणार, हे त्याला सहन होईना; त्याने ते अडवण्याची खूप धडपड केली. १७४८ मध्ये तो गेला आणि वाटणी झाली. १७४९ मध्ये अ‍ॅल्जरनॉनला दोन अर्लपदे मिळाली, दोन्हींच्या सनदा मुद्दाम बेतलेल्या : नॉर्थम्बरलँडचे पद त्याच्यानंतर जावयाकडे, एग्रिमंटचे भाच्याकडे. भाच्याला पेटवर्थ मिळाले. अ‍ॅनिक, सायन आणि नॉर्थम्बरलँड हाऊस लेकीला आणि जावयाला. सॉमरसेटचे ड्यूकपद मात्र ‘पुरुष वंशज’ या शब्दांना धरून दूरच्या एका सीमोरकडे गेले. एका माणसाच्या मृत्यूने, १७५० मध्ये, इतक्या वाटा फुटल्या. चुकून जन्मलेली ती बॅरनी थेट एलिझाबेथला मिळाली. या साऱ्यात तिच्या स्वतःच्या हक्काचा किताब तेवढा एकच.

त्याच वर्षी पार्लमेंटच्या कायद्याने ह्यू स्मिथसनचा ह्यू पर्सी झाला. १७६६ मध्ये तो ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँड झाला. १७८४ मध्ये त्याने आणखी एक बॅरनी मिळवली, ती धाकट्या मुलाकडे जावी अशा कलमासह, आणि तिचे नाव घेतले लूव्हेन. सहाशे वर्षांपूर्वी बायकोच्या जमिनीपायी ज्याच्या मुलांनी बापाचे नाव सोडले, त्या जॉसेलिनचे गाव. ह्यूला पूर्वज निवडता येत होते आणि त्याने आपल्यासारखाच निवडला.

पुढचे दोन शब्दांत. १८६५ मध्ये चौथा ड्यूक निपुत्रिक वारला. ड्यूकपद सनदेप्रमाणे त्या धाकट्या मुलाच्या शाखेकडे गेले; १७२२ ची बॅरनी मुलीच्या वाटेने स्कॉटलंडच्या ड्यूक ऑफ अ‍ॅथोल याच्याकडे. १९५७ मध्ये तो वंश आटला, तेव्हा ती फिरून नॉर्थम्बरलँडच्या घरी परत आली.

आता तो बाहेर राहिलेला माणूस. ह्यू पर्सीला, एलिझाबेथ मेसी या विधवेपासून, १७६५ च्या सुमारास पॅरिसमध्ये एक मुलगा झाला. बापाने त्याला उघडपणे कधी आपला म्हटले नाही. मुलगा जेम्स मेसी या नावाने ऑक्सफर्डला शिकला, रसायन आणि खनिजशास्त्रात त्याने नाव काढले, १७८७ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. जस्ताच्या एका खनिजाला आज त्याचे नाव आहे. आई गेल्यावर, १८०० च्या सुमारास, त्याने आडनाव बदलून घेतले. पर्सी हे नाव त्याला मिळणे शक्य नव्हते. म्हणून त्याने बापाने टाकून दिलेले नाव उचलले : स्मिथसन.

त्याच्या मृत्युपत्राची सुरुवातच आपण नॉर्थम्बरलँडच्या पहिल्या ड्यूकचे पुत्र आहोत, या विधानाने होते. सारी संपत्ती त्याने पुतण्याला दिली आणि पुतण्यानंतर त्याच्या मुलांना. त्या मुलांपुढे त्याने शब्द घातले, औरस असोत वा अनौरस. सातशे वर्षांच्या पर्सी कागदपत्रांतल्या प्रत्येक सनदेत दार बंद करणारा शब्द ‘औरस’ होता. तो येथे एका माणसाने आपल्या अक्षरात खोडला. पुतण्याला मूलच झाले नाही, तर पैसा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना जावा आणि वॉशिंग्टनमध्ये ज्ञानाच्या वृद्धी-प्रसारासाठी एक संस्था स्थापन व्हावी, असे शेवटचे कलम होते. अमेरिका त्याने कधी पाहिलीही नव्हती.

स्मिथसन १८२९ मध्ये जेनोआत वारला. पुतण्या १८३५ मध्ये निपुत्रिक गेला. पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम अमेरिकेला मिळाली आणि १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. १९०४ मध्ये टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः जेनोआला गेला आणि स्मिथसनच्या अस्थी वॉशिंग्टनला घेऊन आला. संस्थेच्या जुन्या लाल इमारतीत, दारातून आत शिरल्यावर लगेच, त्याचे थडगे आहे.